दहा टीएमसी नदीचे, पण सोडायचे केव्हा?

कावेरीचा तंटा म्हटला की दिल्लीत दोन राज्यांचे खासदार, त्यांचे वकील आणि आकडेवारीच्या फाइली डोळ्यांपुढे येतात. या तंट्यात तिसराही एक हक्कदार आहे आणि त्याचा वाटा लवादाने लेखी ठेवला आहे, याचे स्मरण फारसे कोणाला नसते. २००७ च्या अंतिम निवाड्यात ७४० टीएमसी पाण्याची वाटणी करताना लवादाने १० टीएमसी पर्यावरणासाठी राखले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी बिलिगुंडलू येथे तामिळनाडूला मिळावयाचे पाणी १९२ वरून १७७.२५ टीएमसीवर आणले. या दहाला मात्र हात लावला नाही. फेब्रुवारी ते मे दरमहा अडीच टीएमसी, असे त्याचे वेळापत्रकही आहे.

चेन्नईजवळच्या ओरगडममध्ये वाहन कारखान्यांच्या निमित्ताने आलेल्या मराठी माणसाला हा विषय परका वाटेल. तो तसा नाही. या महानगराला २००४ पासून वीराणम तलावामार्गे कावेरीचे पाणी मिळते. ओरगडमपासून जवळच असलेल्या चेंबरम्बाक्कम तलावात येणाऱ्या कृष्णेच्या पाण्यामागे तर १९७६ साली महाराष्ट्राने आपल्या वाट्यातून देऊ केलेले ५ टीएमसी आहेत.

प्रश्न आहे तो कावेरीतील कुबडधारी महाशीर या माशाचा. पन्नास किलोंहून अधिक वाढणारा हा मासा केवळ कावेरीच्या खोऱ्यात आढळतो. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त ठरविले. नाव मिळाले तेव्हा मासा संपत आला होता. सुरुंग लावून होणारी मासेमारी आणि वाळूउपसा ही कारणे आहेतच. शिवाय लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात वाढविलेले दख्खनी महाशीराचे बीज कावेरीत सोडले गेले आणि त्या पाहुण्याने मूळ रहिवाशाची जागा घेतली. महाडजवळच्या वाळणकोंडात देवाचा मासा म्हणून ज्याला जपले जाते, तोच परमुलखात उपद्रवी ठरावा, हा सद्हेतूने केलेल्या मत्स्यसंवर्धनाचा विपर्यास म्हणावा लागेल.

यावर कळस चढविते ती धरणांतून पाणी सोडण्याची रीत. महाशीर प्रवाहाविरुद्ध चढून गोट्यांच्या, खळाळत्या पात्रात अंडी घालतो. त्याला पाण्याची चढती चाहूल लागते आणि मग काही काळ स्थिर प्रवाह लागतो. वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी मागणीनुसार तासातासाला चढते-उतरते. पाणी एकाएकी ओसरले की उथळ जागेतील अंडी आणि पिले उघडी पडतात. अडीच टीएमसी म्हणजे महिनाभर सरासरी साडेनऊशे क्युसेकच्या आसपास. हेच पाणी चार दिवसांत लोटून दिले तरी महिन्याचा हिशेब चोख जुळतो. निवाड्याने दहा-दहा दिवसांचे टप्पे सांगितले आहेत, पण माशाचे जगणे तासांवर बेतलेले आहे.

येथे दोष एकट्या कर्नाटकाचा मानण्याचे कारण नाही. या माशाचा एक शेवटचा आसरा असलेल्या मोयार नदीचा प्रवाह बराचसा तामिळनाडूच्याच पायकारा-मोयार वीजप्रकल्पांच्या हाती आहे. मेट्टूर १२ जूनला उघडले की नाही, यावर चेन्नईत सरकारला जाब विचारला जातो. मोयारमध्ये रात्रीतून किती पाणी चढले-उतरले, हे कोणी विचारीत नाही.

केंद्राला हे जमत नाही असे नव्हे. ऑक्टोबर २०१८ मध्ये गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी ऋतुमानानुसार २० ते ३० टक्के किमान प्रवाहाची अधिसूचना निघाली. ऑस्ट्रेलियाने २००७ च्या कायद्याने नदीच्या वाट्याचे पाणी सांभाळणारा स्वतंत्र अधिकारीच नेमला. आपल्याकडे २०२१ चा धरण सुरक्षा कायदा भिंतीची काळजी घेतो, भिंतीखालच्या नदीची नव्हे. कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणाला दोन्ही राज्यांच्या धरणांवर देखरेखीचा अधिकार आहे. २०२३ च्या टंचाईत त्याने पंधरा-पंधरा दिवसांसाठी ५,००० क्युसेकचे आदेश दिले. मग नदीच्या दहा टीएमसींसाठी दैनंदिन किमान प्रवाह, तासाला किती चढ-उतार चालेल याची मर्यादा आणि पावसाळ्यापूर्वीचा एक वाढीव विसर्ग ठरवून देण्यास कोणाची आडकाठी आहे? वाटणीत यामुळे एक थेंबही कमी-जास्त होत नाही.

हा निर्णय मेकेदाटूच्या आधी व्हावयास हवा. सुमारे ६७ टीएमसींचा तो प्रस्तावित जलाशय याच माशाच्या पात्रावर येऊ घातला आहे आणि त्याच्या अहवालाची छाननी केंद्रीय जल आयोगाच्या कार्यकक्षेत आहे. विसर्गाचे नियम त्या छाननीतच लिहून घेता येतील.