पेनड्राइव्ह आधी लावून बघा

गेल्या रविवारी मामांचा लॅपटॉप सुरूच होईना. मी मोठ्या ऐटीत खिशातला रिकव्हरीचा पेनड्राइव्ह काढला, तर बूट मेनूत त्याचं नावच नाही! आणि हाच पठ्ठ्या माझ्या जुन्या डेस्कटॉपवर बिनतक्रार चालायचा.

कारण साधं. डेस्कटॉप जुन्या बायॉसचा, मामांचा लॅपटॉप फक्त यूईएफआयवाला. त्याला फॅट पार्टिशन लागतं आणि त्यात बूटएक्स६४.ईएफआय ही फाइल. माझ्याकडे ती नव्हतीच. बरं, सगळाच पेनड्राइव्ह फॅट३२ केला, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची इन्स्टॉल.विम हल्ली सहज त्यापुढे जाते. म्हणून मला २०२० साली आलेलं व्हेंटॉय आवडतं. बूटसाठी छोटं फॅट पार्टिशन, बाकी जागेत आयएसओ नुसत्या टाकायच्या. जुनी-नवी दोन्ही मशीनं चालतात. सिक्युअर बूट असेल तर पहिल्यांदा की एनरोल करावी लागते, तेवढा वैताग.

पण माझं मत विचाराल, तर खरी चूक टूलची नसतेच. आपण पेनड्राइव्ह बनवतो, ड्रॉवरमध्ये टाकतो आणि दुसऱ्या मशीनवर एकदाही लावून बघत नाही. मीसुद्धा त्यातलाच.

नवा पेनड्राइव्ह चालला, पण डिस्कवर बिटलॉकर निघालं. ४८ अंकी रिकव्हरी की हवी. "ती काय असते रे?" मामा म्हणाले. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडली शेवटी, पण त्याचा पासवर्ड फक्त मामींना पाठ होता, आणि मामी गेल्या होत्या भिशीला.