आधी प्रश्न सांगा, मग विद्यापीठ

वाचकहो, फराळाच्या ताटासमोर उपदेश करणे हा आम्हां मास्तरांचा जुना दुर्गुण! चकली संपेपर्यंत तो सहन करावा.

परवा धंतोलीत एक स्नेही भेटले. वय चाळीस, काम संत्र्यांच्या निर्यातीचे, घरी दोन मुले. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम. ए. करावे असे त्यांनी मनावर घेतले आहे. समोर माहितीपत्रकांचा ढीग आणि तोंडी एकच प्रश्न : "मास्तर, यांत मोठे नाव कोणते?" मी स्वतः मॅट्रिकपुढे शिकलो नाही, पण नुसत्या आडनावावरून स्थळ पसंत करू नये, एवढे मलाही कळते.

नावे खोटी नाहीत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १८९५ चे, अमेरिकेतील फ्लेचर १९३३ चे. दिल्लीत १९५५ साली निघालेली संस्था १९७० साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. परंतु नावाने दार उघडते हा भ्रम आहे. आपल्या परराष्ट्र सेवेच्या परीक्षेला कोणत्याही विषयाची पदवी चालते. वयाची अट मात्र सर्वसाधारण वर्गाला ३२ वर्षांची. संयुक्त राष्ट्रांच्या तरुण अधिकाऱ्यांच्या परीक्षेलाही ३२ चीच. चाळिशीत राजदूत होण्यासाठी कर्ज काढणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभे राहणे होय!

"मग या वयात शिकूच नये," असे म्हणणारे शहाणेही आहेत. त्यांच्याशी तर माझे अधिकच भांडण आहे. दीक्षाभूमीच्या गावात तरी असे बोलू नये. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनचा अभ्यास १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्याने अर्धवट राहिला. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० साली, संसार मागे ठेवून, पुन्हा लंडन गाठले. पण का? रुपयाचे मोल कशाशी बांधावे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात होता. त्यावरच १९२३ साली डी. एस्सी. मिळाली, ग्रंथ निघाला, आणि १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. विद्या प्रश्नाच्या मागे गेली, नावाच्या नव्हे.

आमच्या स्नेह्यांचा प्रश्न तर त्यांच्या वखारीतच पडला आहे. बांगलादेशाने आयातकर वाढवला, आणि वरुड-मोर्शीच्या संत्र्यांचे भाव इकडे कोसळले. हा कर का वाढतो? कोणत्या करारात, कोणाशी बोलून तो उतरतो? हे शिकवणारा माणूस ज्या संस्थेत असेल, ती संस्था त्यांच्यासाठी मोठी. मग ती दिल्लीत असो वा बोस्टनजवळ.

हिशेबही नीट करावा. इंग्लंडात एम. ए. बहुधा एका वर्षाचे, अमेरिकेत दोन वर्षांचे. फीबरोबर बुडालेला पगारही मांडावा. नोकरी सांभाळून, बव्हंशी घरूनच शिकता येईल असे अभ्यासक्रमही आता आहेत; ते हलके समजू नयेत.

प्रश्न हाती असेल तर विद्यापीठ सापडतेच. नसेल, तर तो ढीग रद्दीवाल्याला घालावा. दिवाळीची झाडलोट तरी होईल!