पारड्या विकून म्हैस

दर रविवारी सकाळी आमच्याकडे बॉस्टनहून फोन येतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. मुलगा पाच मिनिटं तब्येतीची चौकशी करतो, सूनबाई दहा मिनिटं बोलते आणि मग फोन नातवाच्या हातात जातो. पुढचा अर्धा तास आजी आणि नातू बास्केटबॉलवरून भांडतात. ह्यांना वाटतं मला वेड लागलंय. वाटू दे.

परवाचा विषय जुनाच होता. एखादी टीम सारखी हरतेय, पण तिच्याकडे चार चांगली तरुण पोरं आहेत. ती पोरं दुसऱ्या टीमला देऊन त्या बदल्यात एक मोठा नावाजलेला खेळाडू घ्यावा का? तिकडे याला 'ट्रेड' म्हणतात. नातवाचं म्हणणं, कधीही नाही. माझं म्हणणं, तसं सरसकट नाही सांगता येत. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे लिहितेय.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते. मी २००७ साली शाळेतून निवृत्त झाले आणि २००८ च्या जानेवारीत सुनेच्या बाळंतपणासाठी बॉस्टनला गेले. बाहेर गुडघाभर बर्फ, घरात हीटर, मांडीवर महिन्याभराचा नातू आणि समोर टीव्हीवर बॉस्टन सेल्टिक्स. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मी, ती कॉमेंटरी माझ्या डोक्यावरून जायची. पण आमच्या शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलची एक रिंग होती, तिच्याखाली पोरांचा दंगा मी तीस वर्षं पाहिला होता. तेवढ्यावर भागलं. आणि ती टीम जिंकतच सुटली होती हो! मुलगा म्हणाला, "आई, तू नशीबवान. गेल्या वर्षी आली असतीस तर टीव्ही बंद करायला सांगितलं असतंस."

गेल्या वर्षी, म्हणजे २००६-०७ मध्ये, हीच टीम ८२ पैकी फक्त २४ सामने जिंकली होती. मध्ये तर सलग १८ हरली. पॉल पिअर्स नावाचा एक खरोखरचा मोठा खेळाडू होता, पण त्यालाही बराच काळ दुखापत. बाकी सगळी कोवळी पोरं. तिकडची पद्धत अशी की जी टीम खाली, तिला नवीन मुलं निवडताना आधी नंबर मिळण्याची शक्यता जास्त. पण चिठ्ठ्या टाकून. बॉस्टन डोळे लावून बसलं होतं पहिल्या-दुसऱ्या नंबरावर, चिठ्ठीत निघाला पाचवा. झालं. वर्षभर हरून हाती काहीच नाही.

मग त्यांनी दोन व्यवहार केले. तो पाचवा नंबर आणि दोन खेळाडू देऊन सिअॅटलकडून रे अॅलन घेतला. आणि ३१ जुलै २००७ ला मिनेसोटाकडून केविन गार्नेट. या एका गार्नेटसाठी पाच खेळाडू दिले, शिवाय पहिल्या फेरीतल्या निवडीचे दोन हक्क. एकाला सात! पाचांपैकी एक म्हातारा, तो पगाराचा हिशेब जुळवायला. बाकी चार तरुण.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. ६६ विजय, १६ पराभव. एका वर्षात ४२ विजयांची वाढ, असं आधी कधी झालं नव्हतं. १७ जूनला शेवटच्या सामन्यात लेकर्सना १३१-९२ असं धुतलं आणि २२ वर्षांनी विजेतेपद आलं. मुलगा नाचत होता, बाळ दचकून रडायला लागलं आणि सूनबाई दोघांवर ओरडत होती.

म्हणून मी ट्रेडच्या बाजूची, असं नातू समजतो. पण तसं नाही.

माझे वडील शेतकरी. एका वर्षी त्यांनी दोन पारड्या विकून एक दुभती म्हैस आणली. आई चिडली होती, पारड्या वर्षा-दोन वर्षांत व्यायल्या असत्या म्हणून. पण आम्ही भावंडं लहान होतो, दूध त्याच वर्षी हवं होतं. आणि वडिलांनी म्हैस घेताना तिचे दात पाहिले, कितव्या वेताची ते विचारलं, आणि सगळ्यात चांगली तिसरी पारडी मात्र विकली नाही. (माणसांना म्हशीची उपमा दिली म्हणून रागावू नका. तिकडे भाषा तरी कुठे वेगळी आहे, किती किमतीला घेतला, कोणाच्या बदल्यात दिला, असंच तर बोलतात.)

बॉस्टननं नेमकं हेच केलं. घरात पिअर्स होता, तिशीला टेकलेला. पोरं तयार होईपर्यंत त्याची उमेद संपली असती. त्याच वर्षी दूध हवं असण्याचं कारण तो होता. गार्नेट ३१ चा, अजून दोन-चार वर्षं सहज खेळेल असा. तोही आधी बॉस्टनला यायला फारसा राजी नव्हता, रे अॅलन आल्यावर तयार झाला. रिकाम्या घरात कोण येतं? आणि २१ वर्षांचा राजॉन राँडो त्यांनी दिला नाही. पुढे तो फार मोठा झाला. २०१९ साली लेकर्सनी अँथनी डेव्हिससाठी तीन तरुण पोरं दिली तेव्हाही त्यांच्या घरात लेब्रॉन जेम्स होता. २०२० ला ते जिंकले.

आता उलटं उदाहरण. तोच गार्नेट, तोच पिअर्स, २०१३ साली बॉस्टननं ब्रुकलिनला दिले. गार्नेट तेव्हा ३७ चा, पिअर्स ३५ चा. दात कोणी पाहिले नाहीत! बदल्यात ब्रुकलिननं २०१४, २०१६ आणि २०१८ च्या पहिल्या फेरीचे हक्क दिले, शिवाय २०१७ चा नंबर अदलाबदल करायची मुभा. म्हणजे पारड्याच नाहीत, पोटातली वासरंसुद्धा. पिअर्स एका वर्षात गेला, गार्नेट दीड वर्षात. २०१६-१७ मध्ये ब्रुकलिन फक्त २० सामने जिंकलं, आणि त्या वाईट खेळाचा नंबरही बॉस्टनला मिळाला! त्या हक्कांतूनच बॉस्टनकडे जेलन ब्राऊन आला आणि पुढच्या वर्षी, एक नंबर फिरवून, जेसन टेटम. त्या दोघांनी २०२४ चं विजेतेपद आणलं. नातवाचे देव ते दोघे. त्याला मी म्हणते, बाबा रे, तुझे देव आजीच्या ट्रेडमधूनच आले.

इथवर मी जिंकत होते. मग तो म्हणाला, "आजी, त्या चौघांचं काय झालं?"

शाळेत मी प्रगतिपुस्तकावर 'होतकरू' हा शब्द किती वेळा लिहिला असेल! आपल्याला अजून काही माहीत नाही, असा त्याचा खरा अर्थ. अल जेफरसन, जेराल्ड ग्रीन, सेबॅस्टियन टेलफेअर. हे तिघे कॉलेजात न जाता शाळेतून थेट या धंद्यात आलेले. (२००६ पासून नियम बदलला, आता तसं येता येत नाही.) गार्नेटही १९९५ ला असाच आला होता, आणि मिनेसोटानं त्याला बारा वर्षं सांभाळलं. जेफरसन चांगला निघाला, २०१४ ला वर्षाच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात त्याचं नाव होतं. जेराल्ड ग्रीन मात्र भटकला. रशियात खेळला, चीनमध्ये खेळला, मग परत आला, आणि २०१६ ला पुन्हा बॉस्टनचाच शर्ट घातला. मिनेसोटाला या सगळ्यातून काय मिळालं? बाद फेरी गाठायला त्यांना २०१८ उजाडलं. चार होतकरू मिळून एक गार्नेट होत नाही, हे मी नातवाला सांगितलं.

पण सांगताना जीभ थोडी अडखळली. आमच्या शाळेत एका वर्षी दहावीचा निकाल वाढवायचा म्हणून नववीतल्या काही कच्च्या मुलांना 'दाखला काढून न्या' असं पालकांना सुचवलं गेलं. वर्गशिक्षक म्हणून त्या यादीवर माझीही सही आहे. निकाल लागला छान. पेढेही वाटले. त्यातला एक उंच, काटकुळा मुलगा रोज संध्याकाळी त्या रिंगखाली असायचा. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. जेफरसनला पगार मिळत होता आणि नवी टीम त्याची वाट पाहत होती, आमच्या मुलाला कोणी बोलावलं नव्हतं. दोन्ही एकच नाही, हे मला कळतं. तरी नातवानं विचारल्यावर आठवला तो.

नातवाचं हुकमाचं पान वेगळंच आहे. २०१९ साली क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी पाच वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा वीस वर्षांचा पोरगा देऊन टाकला. त्यांची टीम तर हरतही नव्हती, ४८ सामने जिंकलेली! क्लिपर्सना त्यातून विजेतेपद मिळालं नाही. तो पोरगा २०२५ ला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ओक्लाहोमाला त्यानं विजेतेपद मिळवून दिलं. त्याच्या जोडीला जेलन विल्यम्स, तोही क्लिपर्सच्याच दिलेल्या हक्कातून आलेला. वडिलांनी न विकलेली ती तिसरी पारडी. ती ओळखायची कशी, ते वडिलांनी कधी सांगितलं नाही, आणि मला तीस वर्षं शिकवूनही नेमकं जमलं नाही.

यावर मी फोनवर "बघू, बघू" म्हणून विषय बदलला आणि त्याच्या परीक्षेचं विचारलं. येत्या रविवारी तो पुन्हा तेच काढणार. क्लिपर्सचं त्याचं म्हणणं मला पटलंय हे मी अजून कबूल केलेलं नाही, आणि सूनबाई, तू हे वाचलंस तर त्याला सांगू नकोस.