पंचनाम्यांत न येणारें नुकसान

पीक बुडालें म्हणजे शेतकऱ्याचें काय गेलें, हें मोजण्याची रीत सरकारपाशीं आहे. गट क्रमांक, क्षेत्र, पिकाचें नांव, नुकसानीची टक्केवारी, असे रकाने भरले कीं पंचनामा पुरा होतो. महसूल खात्याच्या कारकुनींत आम्हीं असे कागद पुष्कळ हाताळले. परंतु ज्या नुकसानीस कोठेंच रकाना नाहीं, तिजकडे शेतकरी बंधूंचें लक्ष वेधावें, म्हणून हा लेख.

२०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यांत गारपीट झाली, तेव्हां पंचनाम्याच्या कामीं आम्ही एका गांवीं गेलों होतों. त्या वेळीं निम्म्याहून अधिक पीक गेलें असेल तरच मदत मिळे. ही मर्यादा ३३ टक्क्यांवर आली ती २०१५ सालीं. साहजिकच टक्केवारीवरून वाद चालला होता. घरधनी मात्र ओसरीवर मुकाट बसून होता. त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, मीं वह्यांसाठीं पैसे मागितले, म्हणून आबा बोलेनासे झाले का?" "नाहीं रे बाळा," एवढें म्हणून आम्हीं कागद आवरले. ही गोष्ट त्याच्या बापाच्या कानीं घालावयास हवी होती. ती आम्हीं घातली नाहीं, याची रुखरुख अद्याप आहे.

कर्जाची गोष्ट लपविली म्हणजे मुलें सुखी राहतात, अशी वडील मंडळींची समजूत असते. ती फोल आहे. मुलास कर्जाचा आंकडा ठाऊक नसतो. पण बापाचें ताटावरून उठणें आणि आईचें रात्रींचें रडणें त्यास कळतें. कारण कोणी सांगत नाहीं, तेव्हां लहान मूल तें स्वतःमध्येंच शोधतें. मग पोट दुखूं लागतें, अंथरूण ओलें होऊं लागतें, शाळा नकोशी होते. थोरला मुलगा चिडखोर होतो. मुलगी आपण होऊन शाळा सोडते व कामास लागते, आणि आपण तिला शहाणी म्हणतों. धाकट्यास मात्र "नाटकें करतो" म्हणून चोप मिळतो, नाहीं तर देवऋष्याचा अंगारा.

कोणी म्हणेल, आमचे वाडवडील कोठें मुलांशीं असलें बोलत बसले होते? खरें आहे. पण त्या वेळीं पुष्कळ घरांत आजा-आजी, चुलता-चुलती असत. बापाची मांडी नसली तर दुसरी होती. आतां चार माणसांच्या घरांत एक गप्प झाला कीं सारें घर गप्प होतें.

उपाय खर्चाचा नाहीं. रात्रीं जेवतांना मुलास सरळ सांगावें: "यंदा पीक गेलें, पैशाची ओढ आहे. यांत तुझा कांहीं दोष नाहीं. आम्ही वाट काढीत आहोंत." रकमांचा तपशील देऊं नये, वसुलीस आलेल्या माणसापुढें "आबा घरीं नाहींत" असें मुलाकडून वदवूं नये. शाळेची व जेवणाची वेळ मोडूं देऊं नये. कीटकनाशकें कुलपांत ठेवावींत. कारण मरणाचा विचार कित्येकदां क्षणाचा असतो, आणि तेवढा क्षण टळला तर माणूस वांचतो. घरांतील कोणाविषयीं तसा संशय आल्यास स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार नव्यानें मनांत शिरत नाहीं.

दोन आठवड्यांत फरक न दिसल्यास जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचारतज्ज्ञांस दाखवावें. जिवाची भीति वाटल्यास एक दिवसही थांबूं नये. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य असून तेथें मराठींत बोलतां येतें; संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा क्रमांक आहे.

संस्थेच्या सभासदांस आमची विनंती अशी कीं, पुढील बैठकींत बीं-बियाण्याचा विषय संपल्यावर, ज्यांचें यंदा नुकसान झालें त्यांच्या मुलाबाळांची विचारपूस करण्याचें काम दोघां जाणत्यांकडे सोंपवावें. आणि प्रत्येक वाचकानें आपल्या घरापासून आरंभ करावा. "यांत तुझा दोष नाहीं," हें एक वाक्य त्या मुलास त्याच्या बापाकडून आम्हीं मिळवून दिलें नाहीं; आपल्या मुलास तें आज रात्रींच मिळावें.