पिकविणाऱ्याच्या ताटातील तेल

शेतमालाच्या भावाविषयी आपल्या मासिकांतून पुष्कळ चर्चा होते. परंतु पिकविणाऱ्याच्या स्वतःच्या ताटात कोणते तेल पडते, याचा विचार क्वचितच होतो. हृद्रोग हा शहरातील बैठ्या लोकांचाच रोग, हा समज आता सोडला पाहिजे. तो खेड्यांतही शिरला आहे.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ शरीरास आवश्यकच असून बहुतांशी यकृतातच तयार होतो. तथापि तो वाहून नेणारे एल.डी.एल. नामक कण रक्तात वाजवीपेक्षा अधिक झाले, म्हणजे तो रोहिण्यांच्या भिंतींत साठून रक्ताची वाट अरुंद होते. संपृक्त स्निग्धांशाने एल.डी.एल. वाढते. खोबरेलात हा अंश सुमारे ९० टक्के, पामतेलात जवळजवळ निम्मा, तर करडईच्या तेलात अवघा १० टक्क्यांच्या आसपास असतो. सर्वांत घातक तो वनस्पती तुपातील ट्रान्स स्निग्धांश, त्याने एल.डी.एल. वाढते व हितकर एच.डी.एल. घटते. जानेवारी २०२२ पासून सरकारने त्यास २ टक्क्यांची मर्यादा घातली, हे योग्यच झाले.

‘वाडवडिलांनी तूप खाऊनच आयुष्य काढले,’ असे कोणी म्हणतील. परंतु बहुतेक घरी ते तूप सणावारीच वाढले जाई, आणि दिवसभर औतामागे चालणाऱ्यास ते जिरे.

पीकपाहणीच्या नोंदी लिहिण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी घालण्याचा आपला जुना रिवाज. त्या ओळी वर्षानुवर्षे विरळ होत गेलेल्या मी त्या नोंदींत पाहिल्या. काटे बोचतात, मजूर मिळत नाहीत, भाव पडतात, ही कारणे खोटी नव्हेत. परंतु परिणाम असा, की खोल ओलीवर येणारे हे पीक सोडून शेतकरी दुकानातून पामतेलाची पिशवी आणतो. देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते, त्यात आपणही भर घालतो.

म्हणून माझी नम्र सूचना अशी, की प्रत्येकाने निदान घरखर्चापुरती करडई पेरावी. गावच्या सहकारी संस्थेने घाणा घालावा. करडई, भुईमूग, तीळ यांची तेले आलटूनपालटून वापरावीत व जेवणात जवसाची चटणी असावी. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. मात्र चांगले तेल म्हणजे अमर्याद तेल नव्हे. कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमपासून ९ कॅलरी उष्णता मिळतेच. उत्तम तेवढे बाजारात धाडावे आणि हलके तेवढे घरी खावे, हा व्यवहार फायद्याचा नव्हे, एवढे सुज्ञ शेतकरी बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे.