मिउरांनी सांगितलं तेवढंच : कोजी मोरी यांना खुलं पत्र

श्री. कोजी मोरी यांस,



केंतारो मिउरा यांच्या तोंडून ‘बर्सर्क’चा शेवट ऐकलेले तुम्ही एकटेच. तुम्ही दोघं शाळेपासूनचे दोस्त, पुढे दोघेही मांगाकार झालात. ६ मे २०२१ रोजी महाधमनी फाटून मिउरा गेले. वय अवघं ५४. १९८९ साली सुरू झालेली त्यांची कथा ३६४व्या प्रकरणाशी थांबली आणि जगभरच्या चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. एक तट म्हणाला, आता कोणी हात लावू नका, अपुरी राहिली तरी चालेल. दुसरा म्हणाला, तीस वर्षं वाट पाहिलीय, आम्हाला असं अर्ध्या वाटेवर सोडू नका. ७ जून २०२२ ला तुमचं निवेदन आलं आणि २४ जूनच्या ‘यंग ॲनिमल’ या नियतकालिकापासून कथा पुन्हा सुरू झाली. चित्रं मिउरांच्या सहायकांची, म्हणजे स्टुडिओ गागाची, आणि देखरेख तुमची.

त्या निवेदनात तुम्ही स्वतःलाच अट घालून घेतली होती. मिउरांनी जे सांगितलं तेवढंच लिहीन, जे प्रसंग नीट आठवत नाहीत ते लिहिणार नाही, पदरचं काही घालणार नाही, असा तिचा आशय होता. मी दुसऱ्या तटातली. कथा पुरी व्हावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण जसजसे नवे भाग येताहेत तसतशी चाहत्यांची कुरकुर वाढते आहे. भाग छोटे आहेत, संवाद कमी आहेत, सगळं भराभर उरकल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणतात. ही कुरकुर ऐकून तुम्ही उद्या पदरचं घालायला लागाल की काय, अशी मला धास्ती वाटते. म्हणून हे पत्र.

ज्या मराठी वाचकांना ‘बर्सर्क’ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. फासावर लटकलेल्या आईच्या प्रेतापासून जन्मलेला गट्स भाडोत्री सैनिक होतो. ग्रिफिथ नावाच्या देखण्या, महत्त्वाकांक्षी सेनानायकाच्या तुकडीत त्याला पहिल्यांदा आपली माणसं मिळतात, सहयोद्धी कास्का भेटते. पुढे ग्रिफिथ स्वतः देवपदाला पोहोचण्यासाठी याच माणसांचा बळी देतो. त्या रात्री गट्सचा डावा हात आणि उजवा डोळा जातो, कास्काची मती हरपते. उरलेली सगळी कथा एकाच ओढाताणीची आहे : ग्रिफिथवर सूड उगवायचा, की जी माणसं उरलीत ती सांभाळायची? २००२ मध्ये या कथेला तेझुका सांस्कृतिक पुरस्कारांमधला गौरव मिळाला. मिउरा गेले तोवर तिच्या पाच कोटींहून अधिक प्रती वितरित झाल्या होत्या. मराठीत ती नाही. आम्ही ती इंग्रजीतून वाचतो, पण मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये पुरुषभर उंचीची थर्माकोलची तलवार खांद्यावर टाकून फिरणारा गट्स आम्हालाही लांबून ओळखू येतो.

आता ते ३६४वं प्रकरण पाहू. १० सप्टेंबर २०२१ च्या स्मृती-अंकात ते छापून आलं. मिउरांच्या मागे त्यांच्या सहायकांनी त्यावरचा शेवटचा हात फिरवला होता. पौर्णिमेच्या रात्री येणारा, एक शब्दही न बोलणारा एक लहान मुलगा कास्काच्या कुशीत शिरतो. अवघ्या कथेत क्वचितच आलेलं घरपण त्या पानांवर आहे. मग पान उलटतं, मुलाच्या जागी ग्रिफिथ असतो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी असतं. तीस वर्षं ज्याचा राग राग केला त्याला रडताना पाहायचं आणि पुढे काहीच नाही. ते अश्रू त्या मुलाचे की ग्रिफिथचे? मिउरांनी उत्तर दिलेलं नाही. पुढच्या प्रकरणात, तुमच्या देखरेखीखाली, गट्स त्वेषाने तलवार चालवतो, पण ती ग्रिफिथला लागतच नाही. थोड्याच पानांत कास्का त्याच्या हाती पडते आणि जिथे हे सगळं घडतं ते परींचं बेट नाहीसं होतं.

जे घडलं ते पटतं. खटकतं ते फक्त एवढंच, की मिउरांनी याच घटनेला कदाचित दुप्पट-तिप्पट पानं दिली असती. गट्सची मंडळी जहाजात चढली ती वर्षानुवर्षं उतरेचनात, यावर चाहत्यांनी केलेले विनोद तुम्हीही ऐकले असतील. मिउरा रेंगाळायचे. चिलखताची प्रत्येक कडी, लढाईतला मागच्या रांगेतला प्रत्येक घोडा बारीक रेघांनी भरून काढायचे. घटना तुम्हाला सांगता येते, पण मित्र कुठे किती रेंगाळला असता हे तुम्हाला तरी कसं माहीत असणार? नव्या भागांचा सडपातळपणा मला म्हणूनच दोष वाटत नाही, उलट तुम्ही शब्द पाळताय याची ती खूण वाटते. मोरी महाशय, या बाबतीत आमचं ऐकू नका. आम्ही मागू ते सगळं देणं हे तुमचं काम नाही.

दुसऱ्याची अपुरी कथा पुरी करण्याचा अधिकार कोणाला, हा वाद काही नवा नाही. तुमच्याच देशात ‘डोरेमॉन’चे कर्ते फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले ते मालिकेला पक्का शेवट न देताच. पुढे एका चाहत्याने आपल्या मनातला शेवट काढला, छापून विकला आणि लोकांनी तो डोळे पुसत वाचला. डोरेमॉनची बॅटरी संपते आणि मोठा होऊन शास्त्रज्ञ झालेला नोबिता त्याला पुन्हा जागा करतो, असा तो शेवट. तो सुंदर होता यात शंका नाही. पण मूळ लेखकाने तो कोणाच्या कानात सांगितलेला नव्हता. प्रकाशकांनी हरकत घेतली आणि विक्री थांबली. आमच्याकडे घरोघरी ‘डोरेमॉन’ बघत वाढलेल्या मुलांपैकी कित्येकांना अजूनही तोच खरा शेवट वाटतो. एकदा कागदावर उमटलेलं किती चिवट असतं, ते यावरून कळावं.

खुद्द मिउरांना प्रिय असलेली ‘गुइन सागा’सुद्धा अशीच. काओरु कुरिमोतो यांचा ती शंभर खंडांत संपवायचा बेत होता. शंभर उलटून गेले, कथा संपली नाही आणि २००९ मध्ये लेखिकाच गेल्या. पुढचे खंड इतरांनी लिहिले. म्हणजे आवडत्या कथेच्या पुढच्या खंडावर दुसऱ्याचं नाव बघायची वेळ मिउरांवरही आली होती.

आमच्या परंपरेतलं उदाहरण त्याहून जुनं आहे, आणि तुम्हाला जवळचं वाटेल असं आहे. सातव्या शतकात बाणभट्ट ‘कादंबरी’ अर्धीच टाकून वारला, तेव्हा त्याच्या मुलाने ती पुरी केली. आपल्या भागाच्या आरंभी त्याने स्पष्ट सांगून टाकलं, की हे कवित्वाच्या गर्वाने करत नाही, कथा अपुरी राहिल्याने रसिकांना झालेलं दुःख पाहवलं नाही म्हणून करतो आहे. आज तेराशे वर्षांनंतरही बापाचा भाग कुठे संपतो आणि मुलाचा कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. दोघांचीही अब्रू त्यामुळे शाबूत राहिली. माझ्या पहिल्या मागणीचं मूळ इथे आहे.

पहिली मागणी तुमच्याइतकीच हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेलाही आहे : ही सीमारेषा पुस्तकाच्या कागदावर उमटू द्या. नियतकालिक रद्दीत जातं, निवेदनं विसरली जातात, कपाटात उरतं ते पुस्तक. जपानी ४१वा खंड २०२१ च्या डिसेंबरात आला, तो ३६४व्या प्रकरणाशीच संपतो. ४२वा २०२३ च्या सप्टेंबरात आला, तो तुमच्यापासून सुरू होतो. अमेरिकेच्या डार्क हॉर्सने २०१९ पासून काढलेल्या जाडजूड, काळ्या, चामड्यासारख्या बांधणीच्या आवृत्तीत तीन-तीन खंड एकत्र आहेत. एकोणचाळीस खंड तेरा पुस्तकांत बसले. चौदाव्यात ४० आणि ४१ घेतले आणि तिसऱ्याची जागा कथेच्या मार्गदर्शिकेने भरली. मिउरांच्या हातची कथा त्या चौदाव्या पुस्तकाबरोबर संपते. पण पंधरावंही त्याच काळ्या बांधणीत त्याच फळीवर जाऊन बसणार. वीस वर्षांनी ते उचलणाऱ्याला २०२१ मध्ये काय घडलं ते कसं कळावं? तेव्हा ४२व्या खंडापासून पुढे प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक भाषेत, तुमचं ते निवेदन आरंभीच असलं पाहिजे. पन्नास डॉलर, म्हणजे आमचे चार हजारांच्या वर रुपये मोजून ते पुस्तक घेणाऱ्या वाचकाचा तेवढा हक्क आहे.

दुसरी मागणी फक्त तुमच्याकडे : जे ऐकलंत ते साध्या गद्यात लिहून ठेवा. तुम्हीच सांगितलंय की मिउरांनी तुम्हाला कथा सांगितली त्याला तीसेक वर्षं झाली. तुम्ही दोघं एकाच वयाचे. गागाची मंडळी महिनोन् महिने राबून पानं काढणार, म्हणजे शेवट यायला किती वर्षं लागतील ते कोण सांगणार? अवघ्या कथेचा शेवट एका माणसाच्या आठवणीवर सोडणं काय असतं, हे २०२१ च्या मे महिन्यात आपण सगळ्यांनी पाहिलं. आधीच लिहून ठेवलं असेल तर उत्तम. नसेल तर आधी ते करा आणि मग पुढचं प्रकरण. शेवटचा खंड निघेल तेव्हा त्याच्या मागे ती टिपणं जशीच्या तशी छापा : हे मिउरा म्हणाले, हे मला अंधुक आठवतं, याबद्दल ते बोललेच नाहीत. त्या शेवटच्या यादीची मला विशेष उत्सुकता आहे.

रिकाम्या जागेला भिऊ नका, कारण खुद्द मिउरांनीच एक जागा जाणूनबुजून रिकामी ठेवलेली आहे. १९९६ मध्ये नियतकालिकात आलेलं ८३वं प्रकरण त्यांनी पुस्तकात घेऊच दिलं नाही. त्यात ग्रिफिथची गाठ या जगाच्या मुळाशी असलेल्या देवाशी पडते. एवढं उघड केलं तर पुढच्या कथेला आपणच कुंपण घातल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. आजही ते प्रकरण कुठल्याच खंडात नाही. ‘संग्राहकांसाठी खास’ म्हणून ते उद्या एखाद्या महागड्या आवृत्तीत घुसवावं, असं कोणाला वाटेल. त्याला तुम्ही ठाम नकार द्या. आणि त्याच न्यायाने, सहायकांना हाताशी धरून मिउरांनी सुरू केलेली ‘दुरांकी’ ही मांगामालिका जशी अपुरी ठेवली गेली तशीच राहू द्या. तिचा शेवट कोणी ऐकलेला नसेल तर तो रचायचाही नाही.

तिसरी मागणी ॲनिमेबद्दल. १९९७ च्या मालिकेचे २५ भाग आम्हाला आजही प्रिय आहेत, सुसुमु हिरासावांचं संगीत तर डोक्यातून जात नाही. पण ती मालिका त्या बळीच्या रात्रीच तुटते. गट्सला वाचवणारा कवटीधारी स्वार मालिकेतून गाळलेला, त्यामुळे नायक जिवंत कसा सुटला याचा पत्ताच लागत नाही. २०१२-१३ च्या तीन चित्रपटांनी ती फट बुजवली, पण मधलं कितीतरी कापलं. २०१६-१७ च्या मालिकेत संगणकाने हलवलेल्या आकृत्यांनी मिउरांच्या रेषेचा जीवच घेतला, हे तर चाहत्यांचं जवळपास एकमत आहे. नवीन ॲनिमे काढा, नव्याने सुरुवात करा, अशी मागणी सतत होते. ती पुरी होईल तेव्हा होवो. पण शेवटचा खंड कागदावर आल्याशिवाय शेवट पडद्यावर येता कामा नये. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’चा २००३ चा ॲनिमे मांगाच्या पुढे पळाला, त्याला स्वतःचा वेगळा शेवट रचावा लागला आणि २००९ मध्ये मूळ कथेबरहुकूम सगळं पुन्हा करावं लागलं. तिथे लेखिका हिरोमु अराकावा हयात होत्या, २०१० मध्ये त्यांनी आपला शेवट आपल्या हाताने केला, म्हणून निभावलं. इथे तशी दुरुस्ती करायला मिउरा नाहीत.

मोरी महाशय, तुम्ही स्वतः ‘होलीलँड’सारखी कथा लिहिली आहे. दुसऱ्याची कथा सांगताना आपला हात आवरणं किती कठीण जात असेल, ते मला समजतं. तरी तो आवराच. लागेल तेवढा वेळ घ्या. आठवणीत जिथे खंड पडला असेल तिथे कथेतही पडू द्या, तो आम्ही सोसू. फक्त शेवटच्या पानापर्यंत पोहोचा आणि त्या पानावर जे असेल ते मिउरांचंच असू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक मराठी वाचक