झडतीला हिशेब हवा

विमानतळावरील सामानाच्या तपासणीबद्दल कोणी तक्रारीचा सूर काढला, की एक म्हण त्याच्या तोंडावर फेकली जाते : 'कर नाही त्याला डर कशाला?' ज्याच्या बॅगेत काही वावगे नाही त्याने ती खुशाल उघडून दाखवावी, एवढाच तिचा मथितार्थ. वरवर पाहता ही न्यायाची भाषा वाटते. प्रत्यक्षात ती सत्तेची भाषा आहे. कारण ही म्हण झडती देणाऱ्याला सदैव ऐकवली जाते, झडती घेणाऱ्याला कधीच नाही. झडती घेणाऱ्याच्या मनातही कर नसेल, तर नोंद, पावती आणि साक्षीदार यांचा डर त्याला का वाटावा?

हा प्रश्न हौशी प्रवाशांच्या सोयी-गैरसोयीचा नाही. वसई-विरार पट्ट्यातून सहार विमानतळाकडे दोन प्रकारचे श्रमिक जातात. एक, आखाती देशांत किंवा जहाजावर पोट भरण्यासाठी निघालेला. त्याच्या बॅगेत दोन वर्षांचे कपडे, औषधे, घरची पत्रे, लोणच्याची बरणी आणि वसईची सुकेळी असतात. दुसरा, पहाटेच्या लोकलला लोंबकळत अंधेरी गाठणारा आणि त्याच बॅगा उचलणारा लोडर. या व्यवस्थेत पहिल्याची बॅग संशयित आणि दुसऱ्याचे हात संशयित. संशयापलीकडे आहे ती फक्त व्यवस्था.

विरारकरांना सुरक्षेचे महत्त्व कोणी शिकवू नये

तपासणीच नको, असे या पट्ट्यातील माणूस म्हणणार नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत अवघ्या काही मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे ठार झाली. कामावरून घरी परतणाऱ्यांची ती गर्दी होती. बेवारस पिशवी म्हणजे काय, हे या मार्गावरील प्रवाशाला कोणत्याही अधिकाऱ्याने समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

परंतु त्या खटल्याचे पुढे काय झाले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. त्यांपैकी पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. उच्च न्यायालयाने तपासातील ज्या उणिवांवर बोट ठेवले, त्यांत जप्त केलेल्या वस्तूंचा ताबा आणि मोहोरबंदी यांची साखळी सिद्ध न होणे ही एक होती. म्हणजे झडती झाली, जप्ती झाली. पण तिचा विश्वासार्ह हिशेब न्यायालयापुढे उभा राहिला नाही. मृतांच्या कुटुंबीयांना एकोणीस वर्षांनंतरही न्यायाची वाट पाहावी लागते आणि ज्यांना उच्च न्यायालय निर्दोष म्हणते त्यांचे तारुण्य कोठडीत संपते. झडतीची शिस्त ही आरोपींवर केलेली मेहेरबानी आहे, असे मानणाऱ्यांनी या निकालाचे मनन करावे. ती शिस्त बळी गेलेल्यांचाही आधार असते.

'कनिष्क'ने शिकवलेला धडा

सुरक्षेसाठी सामान्यांच्या खासगीपणाचा बळी द्यावाच लागतो, असे सांगणाऱ्यांनी २३ जून १९८५ चा इतिहास उघडून पाहावा. त्या दिवशी एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्यानजीक स्फोटाने कोसळले आणि ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. ही बॅग आत शिरली कशी? व्हँकूव्हरच्या विमानतळावर, पुढच्या विमानातील जागा निश्चित नसताना, एका प्रवाशाने आपली बॅग परस्पर एअर इंडियाकडे पाठवण्याचा हट्ट धरला. मागे रांग वाढत होती. कर्मचाऱ्याने हट्ट मान्य केला. बॅग गेली, प्रवासी गेलाच नाही. टोरांटोला क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातातल्या एका कुचकामी उपकरणाने तपासून पुढे सोडल्या गेल्या.

त्याच कटातील दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर आधीच फुटली होती. त्या दिवसाचे पहिले बळी हे दोन श्रमिक होते : सामान हलवणारे दोन लोडर.

या दुर्घटनेत कोणाच्या खासगीपणाची कदर केल्यामुळे अनर्थ झाला? कोणाच्याही नाही. 'माणूस चढला नाही तर त्याची बॅगही चढणार नाही' हा साधा नियम पाळला गेला नाही आणि नादुरुस्त यंत्राला पर्याय नव्हता, म्हणून तो झाला. हा नियम पाळण्यासाठी कोणाचे कपडे उपसावे लागत नाहीत. त्यासाठी लागतात पुरेशी माणसे, त्यांना पुरेसा वेळ आणि 'विमान खोळंबले तरी चालेल' असे म्हणण्याची मुभा. नफ्याच्या हिशेबात नेमक्या याच तीन गोष्टी खर्चिक ठरतात. त्यांपेक्षा प्रवाशावर संशय घेणे स्वस्त पडते.

चोरकिल्ली सर्वांचीच होते

पट्ट्यावर सरकवलेली बॅग नजरेआड होते. ती यंत्रातून जाते आणि संशय आला तर प्रवाशाला बोलावून तिची तपासणी करण्याची पद्धत आहे. आखाताकडे निघालेल्या एखाद्या कामगाराच्या बॅगेत आईने बांधून दिलेली सुक्या खोबऱ्याची वाटी सापडते. तेलकट खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून २०२२ पासून ते अशा सामानात नेण्यास मनाई आहे. नियमामागे कारण आहे. पण ते त्या कामगाराला विमानतळावर पोहोचण्यापूर्वी, त्याच्या भाषेत, सांगण्याची जबाबदारी कोणाची? वस्तू काढून घेतली जाते, प्रवासी पुढे ढकलला जातो. समक्ष तपासणी ही आज बव्हंशी पद्धतीची बाब आहे; लेखी पावतीसह ती हक्काची बाब झाली पाहिजे.

अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवाशाच्या माघारी बॅगा उघडण्याची मोहीम सुरू झाली. तिथेही उघडलेल्या बॅगेत तशी सूचना देणारी चिठ्ठी ठेवावी लागते. कुलपे फोडावी लागू नयेत म्हणून तपासनिसांकडे सर्व मान्यताप्राप्त कुलपांच्या सामाईक किल्ल्या दिल्या गेल्या. २०१४ मध्ये एका वृत्तपत्राने त्या किल्ल्यांचे छायाचित्र छापले. २०१५ मध्ये त्यावरून आराखडे तयार झाले आणि कोणालाही घरबसल्या तशा किल्ल्या बनवता येऊ लागल्या. सरकारसाठी ठेवलेली पळवाट चोरालाही मोकळी होते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच सिद्ध झाले असेल. असुरक्षित कुलूप म्हणजे सुरक्षा नव्हे.

तपासनिसाला कोण तपासणार?

पोलीस नालासोपाऱ्यातील चाळीत झडतीला शिरले, तर कायद्याने त्यांना पंच बोलवावे लागतात, जप्त वस्तूंची यादी करावी लागते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार चित्रीकरणही करावे लागते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने तर अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यापुढे नेण्याची मागणी करण्याचा हक्क दिला आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, असेही बजावले आहे. साठ वर्षांपूर्वी जे शक्य वाटले, ते आज संगणकाच्या युगात अशक्य कसे?

पण या युगाची दिशाच उलटी आहे. मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीतील ७४ टक्के हिस्सा अदाणी समूहाकडे गेला आहे. 'डिजियात्रा' योजनेत प्रवाशाचा चेहरा हाच परवाना केला जातो. ती चालवणाऱ्या संस्थेत बहुसंख्य भाग खासगी विमानतळ कंपन्यांचा आहे. प्रवाशांची झडती घेणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल माहिती अधिकार कायद्यातून, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा अपवाद वगळता, मुक्त आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा देऊन ठेवली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने मान्य केलेला खासगीपणाचा मूलभूत हक्क अशा रीतीने एकेका सवलतीने पोखरला जात आहे.

आणि ज्यांना डर नसावा, अशांची एक यादीही आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री आदी पदाधिकारी विमानतळावरील तपासणीतून वगळलेले आहेत. झडती जर अपमान नसेल, केवळ सर्वांच्या हिताची खबरदारी असेल, तर मोठ्यांना त्यातून वगळण्यात कोणता मान राखला जातो? ज्या देशात अंतर्गत सुरक्षेचे नाव धारण करणाऱ्या 'मिसा' कायद्याखाली १९७५ ते १९७७ या काळात हजारो राजकीय विरोधक विनाचौकशी तुरुंगात डांबले गेले, त्या देशाने तरी सुरक्षा हा शब्द उच्चारला जाताच विचार करणे थांबवू नये.

संशयाचे ओझे लोडरच्या पाठीवर

बॅगेतून काही गहाळ झाले, की पहिले बोट लोडरकडे वळते. त्याच्या चारित्र्याची पोलीस पडताळणी झालेली असते, प्रवेशपत्राविना त्याला आत पाऊल टाकता येत नाही आणि ते पत्र गेले की भाकरी गेली. १६ जुलै २०२४ रोजी कलिना येथे विमानतळावरील सुमारे २,२०० नोकऱ्यांसाठी, वृत्तपत्रांच्या अंदाजाने, २५ हजारांवर तरुणांची झुंबड उडाली. त्या नोकऱ्याही मुदतीच्या कंत्राटावरील. दाराबाहेर इतकी रांग उभी असताना आतला कामगार 'ही बॅग नियमात बसत नाही' असे वरिष्ठाला कोणत्या बळावर सांगणार? व्हँकूव्हरच्या त्या कर्मचाऱ्यावर जसा रांगेचा दाब होता, तसाच दाब कंत्राटी कामगारावर रोज असतो. अस्थिर नोकरी हा सुरक्षेतला सर्वांत मोठा छेद आहे आणि तो कोणत्याही क्ष-किरण यंत्राला दिसत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. बॅग मालकासमक्षच उघडली जावी. ते खरोखर अशक्य असेल तर दोन साक्षीदार, चित्रीकरण आणि वेळ, कारण व तपासनिसाचा क्रमांक नोंदलेली पावती सक्तीची व्हावी. काढून घेतलेल्या वस्तूची यादी आणि फोडलेल्या कुलपाची भरपाई मिळावी. मनाई असलेल्या वस्तूंची मराठीतील यादी तिकिटासोबत दिली जावी. चेहऱ्याची आणि सामानाची चित्रे किती काळ ठेवली जातात, हे माहिती अधिकारात कळावे. वगळलेल्यांची यादी रद्द व्हावी. लोडरचे प्रवेशपत्र लेखी कारण आणि सुनावणी यांविना काढून घेतले जाऊ नये, आणि कायम स्वरूपाच्या कामाला कायम नोकरी मिळावी.

वसई, नालासोपारा आणि विरार येथील कार्यकर्त्यांना हे काम हाती घेण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची आवश्यकता नाही. आखाती कामगारांची घरे आणि विमानतळावरील कंत्राटी कामगारांच्या खोल्या याच वस्त्यांत, बहुधा एकाच गल्लीत आहेत. गहाळ वस्तूंवरून या दोघांना एकमेकांचे शत्रू समजायला लावले जाते. त्यांना एका बैठकीत समोरासमोर बसवणे, त्यांच्या तक्रारी तारीखवार नोंदवणे आणि दोघांच्या सहीने एकच निवेदन सादर करणे, ही पहिली पायरी आहे. झडतीचा हिशेब मागणारी ही सही सुरक्षेच्या विरोधात नाही. हिशेबाविना सुरक्षा टिकत नाही, हे विरारच्या गाडीतून प्रवास करणाऱ्यांनी फार मोठी किंमत देऊन जाणले आहे.